ताळा जमतो का? जुन्या प्रदर्शनांचे टपाल शिक्के जमवायचे आणि पारखायचे कसे

नाशिकला पंचवटीतला एक वाडा पाडायला निघाला होता, तेव्हा तिथल्या आजींनी मला मुद्दाम निरोप पाठवला. "माळ्यावर कागदांचं गाठोडं आहे, तेवढं बघून घे गं बाई. नाहीतर उद्या बंबात जाईल." गाठोड्यात काय होतं, तर तारेत ओवलेली पत्रं. पूर्वी घरोघर पत्र वाचून झालं की ते भिंतीवरच्या आकड्याच्या तारेत टोचून ठेवत. त्यात एक पाकीट निघालं. तपकिरी रंगाचं दीड पेनीचं तिकीट, त्यावर उगवत्या सूर्यापुढे उभा सिंह आणि १९२४ हे साल. शिक्क्यात वेम्ब्ली पार्क आणि ब्रिटिश एम्पायर एक्झिबिशन ही अक्षरं स्वच्छ उमटलेली. पाठीमागे नासिकचा पोचीचा शिक्का आणि बरोबर मध्यावर तारेचं भोक.

बाजारात त्या भोकामुळे पाकिटाची किंमत उतरते. माझ्या लेखी मात्र ते भोकच या पाकिटाचा सर्वात भक्कम पुरावा आहे. का, ते पुढे सांगते.

नव्याने या छंदाकडे वळणाऱ्यांना मी एकच गोष्ट सांगते. शिक्का एकटा कधीच खरा-खोटा ठरत नाही. तारीख, तिकीट, टपाल दर, कागद, शाई, पत्ता आणि प्रवास, या सगळ्यांचा ताळा जमला पाहिजे. गणितात उत्तर आलं की आपण ताळा करून बघतो, तसंच इथे. म्हणून पहिला नियम हा की पाकीट पूर्ण ठेवा. तिकीट कापून काढू नका, पाण्यात घालून सोडवू नका. मी शाळेत असताना आजोबांच्या ट्रंकेतली कितीतरी पाकिटं कोमट पाण्याच्या परातीत बुडवली. तिकिटं मिळाली, पण ती कुठून, कधी आणि कोणाला आली होती हे कायमचं पुसलं गेलं. त्याची हळहळ अजून जात नाही.

आधी शिक्क्याची जात ओळखा

प्रदर्शनाचं नाव असलेला प्रत्येक ठसा एकाच जातीचा नसतो. पहिली जात म्हणजे प्रदर्शनाच्या आवारातच उघडलेल्या टपालघराचा शिक्का. शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात 'वर्ल्ड्स फेअर स्टेशन' नावाचं टपालघर होतं. तिथून गेलेलं कार्ड हे कोणीतरी त्या आवारात उभं राहून टाकलेलं कार्ड असतं. दुसरी जात जाहिरातीच्या शिक्क्यांची. प्रदर्शन भरण्याच्या आधीपासून दुसऱ्याच गावांतली टपालघरं यंत्राने हे शिक्के मारत. अमेरिकेत बफेलो इथे १९०१ साली पॅन-अमेरिकन प्रदर्शन भरलं, त्याची जाहिरात अशा शिक्क्यांतून अनेक शहरांत झाली. अशा शिक्क्यावरची तारीख उद्‌घाटनाच्या आधीची असली तरी बिघडत नाही, फक्त त्याला प्रदर्शनाच्या आवारातला शिक्का म्हणून विकत घेऊ नका.

तिसरी जात सर्वात फसवी. आयोजकांनी किंवा एखाद्या दुकानदाराने आठवण म्हणून मारलेला रबरी ठसा. दिसायला देखणा, पण टपाल खात्याशी त्याचा संबंध नाही. ओळखायची साधी खूण म्हणजे त्याने तिकीट रद्द झालेलं नसतं. तो पाकिटाच्या मोकळ्या जागेत असतो आणि तिकिटावर वेगळा, नेहमीचा शिक्का असतो. असे ठसेही जमवावेत, पण वहीत नोंद करताना 'शिक्का' लिहू नये, 'ठसा' लिहावं.

एक प्रदर्शन निवडा

जगभरची सगळी प्रदर्शनं एकदम धरली तर हातात काहीच लागत नाही. एक निवडा आणि त्याच्या तारखा पाठ करा. सुरुवातीला मी वेम्ब्ली, म्हणजे लंडनला भरलेलं ते ब्रिटिश एम्पायर एक्झिबिशन सुचवते. पहिला हंगाम २३ एप्रिल ते १ नोव्हेंबर १९२४ आणि दुसरा ९ मे ते ३१ ऑक्टोबर १९२५. ब्रिटनची पहिली स्मारक तिकिटं याच प्रदर्शनासाठी निघाली, एक पेनीचं लाल आणि दीड पेनीचं तपकिरी. त्या वेळी ब्रिटनमध्ये देशांतर्गत कार्डाला एक पेनी आणि पत्राला दीड पेनी लागे, म्हणून याच दोन किमती. दुसऱ्या वर्षी तिकिटावरचं साल बदलून १९२५ केलं. म्हणजे १९२४ च्या शिक्क्याखाली १९२५ चं तिकीट दिसलं तर पुढचं काही बघायचीही गरज नाही.

यंत्राचे शिक्के भरपूर मारले गेले, त्यामुळे साधे नमुने आवाक्यात मिळतात. एकाच शिक्क्याचे दहा-बारा नमुने शेजारी ठेवता आले की नजर तयार होते, आणि नवशिक्याला तीच हवी असते. दुर्मीळ वस्तू घेऊन ती तयार होत नाही.

आपल्याकडचंच काही हवं असेल तर दिल्लीत भरलेली तिकीट-प्रदर्शनं घ्या. 'इंडिपेक्स' १४ ते २३ नोव्हेंबर १९७३ ला झालं, पुढे 'इंडिया ८०', 'इंडिया ८९', आणि फेब्रुवारी २०११ मधलं 'इंडिपेक्स'. यांचे विशेष शिक्के अजून जुन्या संग्राहकांच्या खोक्यांत सहज सापडतात.

हत्यारं

फार काही लागत नाही. सराफ बाजारात हिरे-मोती पारखायला वापरतात ते दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. टोकं सपाट असलेला तिकिटांचा चिमटा, मिलिमीटरची पारदर्शक पट्टी आणि नोटा तपासायचा जांभळ्या प्रकाशाचा (अतिनील, म्हणजे यूव्ही) छोटा दिवा. नाशिकरोडला चलनी नोटाही छापतात आणि तिकिटंही, तेव्हा आपल्या गावच्या माणसाला हा दिवा परका वाटायला नको. घरी स्कॅनर असेल तर उत्तम, मोबाईलच्या फोटोवर मात्र भरवसा ठेवू नका, कडेला रेषा वाकतात आणि माप चुकतं.

शोध कुठे घ्यायचा

जुने वाडे, रद्दीची दुकानं, मुंबईत फोर्टातले तिकीटविक्रेते, संग्राहकांची प्रदर्शनं आणि ऑनलाइन लिलाव. रद्दीवाल्याशी मी सरळ बोलते. "भाऊ, पत्रांचा गठ्ठा आला तर सुतळी सोडू नका, तसाच बाजूला ठेवा." गठ्ठा अख्खा मिळाला तर त्याच घरची, त्याच हाताची इतर पत्रंही मिळतात आणि एका पाकिटाची साक्ष दुसरं देतं. वाड्यातल्या माणसांकडून घेताना वस्तू काय आहे ते त्यांना आधी सांगा आणि रास्त पैसे द्या. त्या आजींना मी पाकिटाची माहिती वाचून दाखवली, तेव्हा कळलं की पत्र त्यांच्या सासऱ्यांच्या चुलत्यांनी पाठवलं होतं. ही माहिती कोणत्याही लिलावात मिळाली नसती.

पहिल्या वर्षी एका वस्तूवर घरच्या महिन्याच्या किराण्याहून जास्त खर्च करू नका, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आता ताळा

पाकीट हातात आलं की मी आधी तिकिटाकडे बघत नाही. सुरुवात तारखेपासून. प्रदर्शन त्या दिवशी उघडं होतं का? अमेरिकेतलं सेंट लुईचं प्रदर्शन ३० एप्रिल ते १ डिसेंबर १९०४ या काळात भरलं आणि रविवारी बंद असे. तेव्हा त्या वर्षाचं कॅलेंडर शेजारी ठेवा, आवारातला शिक्का रविवारचा निघाला तर दुप्पट बारकाईने तपासा.

मग तिकीट त्या दिवशी अस्तित्वात होतं का, आणि दर जुळतो का. शिकागोच्या वेळी अमेरिकेत पत्राला दोन सेंट आणि सरकारी छापील कार्डाला एक सेंट लागे. खासगी छपाईच्या कार्डाला एक सेंटची सवलत १ जुलै १८९८ पासून मिळाली. म्हणजे १८९३ च्या खासगी कार्डावर एक सेंटचं तिकीट असेल आणि टपाल अपुरं असल्याची कसलीच खूण नसेल, तर प्रश्न पडायलाच हवा. आपल्याकडे १९११ साली कार्ड पाव आण्यात आणि पत्र अर्ध्या आण्यात जाई, १९२२ पासून हेच दर दुप्पट झाले.

चित्रकार्डाची पाठ बघा. पाठीमागे मध्ये रेघ, डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता, ही सोय ब्रिटनमध्ये १९०२ साली आली. अमेरिकेत त्यासाठी १ मार्च १९०७ उजाडावा लागला. त्यामुळे अमेरिकेत छापलेल्या, पाठीला रेघ असलेल्या कार्डावर सेंट लुईचा १९०४ चा शिक्का असेल तर त्या कार्डाची गोष्ट तिथेच संपते.

गावांची नावं वाचा. आपल्या नाशिकचं इंग्रजी स्पेलिंग तेव्हा 'नासिक' असं होतं. १९२४ च्या पोचीच्या शिक्क्यात 'एस'नंतर 'एच' दिसला तर ते पाकीट आदराने परत करा. तसंच बॉम्बे आणि मुंबई, अलाहाबाद आणि प्रयागराज. पोचीची तारीखही मोजा. आगबोटीने लंडनहून इथे पत्र यायला दोन-तीन आठवडे सहज लागत. पाचव्या दिवशी पोचलेलं १९२४ चं पत्र कोणी आणलं असेल?

यानंतर भिंग घ्या. शिक्का अर्धा तिकिटावर आणि अर्धा कागदावर असेल तर तिकिटाच्या दातऱ्यांपाशी थांबा. वर्तुळाची रेघ तिकिटावरून कागदावर उतरताना तिचा वाकही तोच राहिला पाहिजे आणि शाईची जातही तीच. दुसऱ्याच पाकिटावरचं शिक्का मारलेलं तिकीट इथे आणून चिकटवलं असेल तर कागदावरचा उरलेला भाग नंतर हाताने रेखलेला असतो, आणि भिंगाखाली हाताची रेघ लपत नाही. धातूच्या शिक्क्याचा दाब अक्षराच्या कडेला शाई ढकलतो, त्यामुळे कड गडद आणि मधला भाग फिका दिसतो. संगणकाच्या प्रिंटरने काढलेल्या शिक्क्यात काळ्या रंगाऐवजी बारीक रंगीत ठिपके दिसतात किंवा अक्षरांभोवती भुकटीचे कण उडालेले असतात.

जांभळा दिवा अंधाऱ्या खोलीत लावा. कागद निळसर पांढरा झगमगला तर त्यात चमक आणणारी रसायनं आहेत, आणि ती दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातली. पत्ता बॉलपेनने लिहिला असेल तर दिव्याचीही गरज नाही, बॉलपेनं बाजारात पसरली ती १९४५ नंतर.

आता ते तारेचं भोक. जुन्या कागदाला भोक पडलं किंवा घडी पडली की तिथले तंतू तुटतात. त्यानंतर कोणी वरून शिक्का मारला तर शाई त्या तुटक्या तंतूंमध्ये शोषली जाते आणि कडेला पिसासारखी पसरते. माझ्या पाकिटावर तार शिक्क्याच्या एका अक्षरातून आरपार गेली आहे. भिंगाखाली त्या अक्षराची शाई भोकाच्या कडेला कोरडी, कापल्यासारखी संपते, आत एक थेंब उतरलेला नाही. शिवाय भोकाभोवती तारेच्या गंजाचा तांबूस कडा आहे, तो शाईच्या वर बसलेला. म्हणजे आधी शिक्का, मग तार, मग वर्षानुवर्षांचा गंज. घड्यांच्या बाबतीतही हीच परीक्षा करा. घडीतल्या खाचेत शाई साचलेली दिसली तर शिक्का घडीनंतरचा आहे.

अलाहाबाद १९११, स्वतंत्रपणे

भारतातल्या प्रदर्शन-शिक्क्यांत याच्याइतकं आकर्षण दुसऱ्या कशाचं नाही, म्हणून यावर थोडं जास्त. संयुक्त प्रांतांचं (यू. पी., आजचा उत्तर प्रदेश) मोठं प्रदर्शन अलाहाबादला भरलं होतं. तिथून १८ फेब्रुवारी १९११ ला, शनिवारी, आँरी पेके या फ्रेंच वैमानिकाने हंबर विमानातून टपालाची थैली यमुनेपलीकडच्या नैनीला नेली. थैलीत सहा हजारांवर पत्रं आणि कार्डं होती. अधिकृतपणे विमानाने गेलेलं हे जगातलं पहिलं टपाल मानलं जातं. त्यासाठी खास शिक्का केला होता, गोल, मध्ये डोंगरांवरून जाणारं विमान, भोवती 'फर्स्ट एरियल पोस्ट' आणि 'यू. पी. एक्झिबिशन अलाहाबाद' ही अक्षरं. शाई किरमिजी. नैनीहून पुढे ही पत्रं नेहमीच्या टपालाने देशोदेशी गेली.

काही वर्षांपूर्वी एका तिकीट-मेळाव्यात मला असं एक कार्ड दाखवण्यात आलं. शिक्का गोल, रंग जवळपास बरोबर, कागदही जुना. माझा हात पैशाकडे गेलासुद्धा होता. मग तिकिटाकडे नीट बघितलं. राजाच्या डोक्यावर मुकुट होता. सातवा एडवर्ड १९१० च्या मे महिन्यात वारला, पण पाचव्या जॉर्जची भारतीय तिकिटं निघाली थेट डिसेंबर १९११ मध्ये. फेब्रुवारीत टपालघरात मिळत होती ती एडवर्डची, आणि त्यांवर राजाचं डोकं उघडं आहे, मुकुट वरच्या चौकटीत वेगळा काढलेला. जॉर्जच्या तिकिटावर मुकुट थेट डोक्यावर आहे. दहा महिन्यांनी निघणारं तिकीट त्या विमानात बसणं शक्यच नव्हतं. मी कार्ड परत दिलं, आणि घरी येऊन एडवर्ड आणि जॉर्जची दोन साधी तिकिटं वहीच्या पहिल्या पानावर शेजारी-शेजारी लावली. ती अजून तिथेच आहेत.

जलचिन्हाबद्दल, म्हणजे कागदातच उमटवलेल्या खुणेबद्दल, एक गोष्ट आपल्या गावची म्हणून सांगते. पाचव्या जॉर्जची लंडनहून छापून येणारी तिकिटं एका ताऱ्याच्या जलचिन्हाची असत. १९२६ पासून ती नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापायला लागले आणि कागदात सगळीकडे तारेच तारे आले. सुटी तिकिटं तपासायला ही खूण फार कामाची, १९२४ च्या शिक्क्याचं तिकीट अनेक ताऱ्यांचं असूच शकत नाही. मात्र पाकिटाला चिकटलेल्या तिकिटात जलचिन्ह दिसत नाही. ते बघायला तिकीट सोडवू नका.

अलाहाबादचा शिक्का अभ्यासायला मूळ वस्तू विकत घ्यायची गरज नाही. त्या उड्डाणाला ५० वर्षं झाली तेव्हा, १९६१ साली, भारताने तीन तिकिटं काढली आणि त्यातल्या एकावर हा शिक्काच चितारला आहे. हा संच किरकोळ किमतीत मिळतो. वर्धापनदिनांच्या आठवण-पाकिटांवर जुन्या शिक्क्याची नक्कलही छापलेली असते. ती पाकिटं आपल्या जागी छान आहेत, पण तिकीट १९६१ चं किंवा २०११ चं आणि शिक्का १९११ सारखा, हे बघून गोंधळू नका. नवख्यांची फसगत बहुतेक वेळा बनावट वस्तूने होत नाही, नक्कल मूळ समजून घेतल्याने होते.

दाखला कधी मागायचा

वस्तू महाग असेल तर स्वतःच्या नजरेवर थांबू नका. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीची तज्ज्ञ समिती आणि न्यूयॉर्कचं फिलाटेलिक फाउंडेशन वस्तू प्रत्यक्ष तपासून छायाचित्रासह लेखी मत देतात. विक्रेत्याशी व्यवहार ठरवतानाच लिहून घ्या की मत विरुद्ध आलं तर पैसे परत मिळतील. सचोटीचा विक्रेता याला नाही म्हणत नाही. आणि सोबत दाखला मिळाला तरी त्यावरचा फोटो आणि हातातली वस्तू शेजारी ठेवून एकेक दातरी ताडून बघा, कारण खऱ्या दाखल्याबरोबर दुसरीच वस्तू विकल्याची उदाहरणं असतात. स्वस्त वस्तूंना दाखल्याचा खर्च परवडत नाही, तिथे दोन अनुभवी संग्राहकांना दाखवणं पुरे.

जपणूक

नाशिकची हवा वर्षभर बरी, पण पावसाळ्याचे तीन महिने कागदाचे वैरी. नदीकाठच्या घरांना हे सांगायला नको. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं की आम्ही आधी माळ्यावरचे खोके बघतो. भिजलेलं पाकीट उन्हात टाकू नका, कागद वाकडा होतो आणि शाई उडते. टीपकागदाच्या दोन घड्यांत ठेवून वर पुस्तकाचं हलकं वजन द्या, टीपकागद दर काही तासांनी बदला. एकमेकांना चिकटलेली पत्रं ओढून सोडवू नका.

एरवी पाकिटं आम्लरहित कागदाच्या किंवा पॉलिस्टरच्या पारदर्शक पिशवीत ठेवा. बाजारातल्या मऊ, वासाच्या प्लास्टिकच्या पिशव्या काही वर्षांत शाई ओढून घेतात. सेलोटेप कधीही नको. डांबरगोळ्या आणि कडुनिंबाचा पाला कागदाला लागेल असा ठेवू नका, डाग पडतात. सिलिका जेलच्या पुड्या कपाटात ठेवा आणि दसऱ्याच्या सुमारास सगळं एकदा बाहेर काढून हवा द्या. कसर लागली असेल तर तेव्हाच दिसते.

प्रत्येक वस्तूची वहीत नोंद करा. कुठून आली, कोणाकडून, किती पैसे दिले, शिक्क्याचं मिलिमीटरमधलं माप, तारीख, दर, पोचीचा शिक्का, आणि ताळ्यात काय जमलं नाही तेही. पाकिटावर स्वतः काही लिहायचं नाही, पेन्सिलनेसुद्धा नाही, चिठ्ठी वेगळी ठेवा. माझ्या वेम्ब्लीच्या पाकिटाची चिठ्ठी अशी आहे: "पंचवटी, वाड्याच्या माळ्यावरून. दीड पेनी, साम्राज्यातल्या पत्राचा दर, जुळतो. पाठीमागे नासिक, 'एच' नाही. भोक शिक्क्यानंतरचं, गंज शाईवर. पोचीचं साल वाचता येत नाही, महिना वाचता येतो." तो सालाचा आकडा मी तिरक्या उजेडात दरवर्षी एकदा पुन्हा वाचून बघते.